सामानाचं दार

मला कुणी उचललेलं चालत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'अहो, दोन मिनिटांचा तर प्रश्न होता' असं म्हणायला नको. ज्यांना तो दोन मिनिटांचा प्रश्न वाटतो त्यांनी चार अनोळखी माणसांकडून, सहाशे लोकांदेखत, स्वतःला उचलून घ्यावं. मग आपण बोलू.

मी मैत्री गजभिये. राहणार खडकी, वय अठ्ठेचाळीस, काम पेटी वाजवणं. दीड वर्षाची होते तेव्हा पोलिओनं दोन्ही पाय नेले. पेटी काय, बसूनच वाजवतात, त्यामुळे माझ्या पायांचं पेटीला कधी कळलंसुद्धा नाही. कळतं ते जिन्यांपाशी. आणि जिने बांधणाऱ्यांना तर तेही कळत नाही.

नऊ वर्षांची असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझं पेटीवादन होतं. दोन सरांनी मला खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मी पेटीचा भाता अजून उघडलाही नव्हता! मग मी वाजवलं. चांगलं वाजवलं, बाबांनी पंधरा दिवस घोटून घेतलं होतं. शेवटी टाळ्या पडल्या, पण पहिल्यापेक्षा कमी. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं कळतं हो. घरी येऊन मी पेटी कॉटखाली ढकलली आणि आठवडाभर तिला हात लावला नाही.

त्यानंतर मला उचललं ते फक्त बाबांनी. बाबा म्हणजे नागोराव गजभिये. वर्ध्याकडून पोटासाठी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आले, रविवारी वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. मला पाठीवर घेऊन ते शाळेचे तीन मजले चढले, क्लासचा लाकडी जिना चढले, जयंतीची स्टेजं चढले. हर्नियाची दोन ऑपरेशनं झाली त्यांची. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मी तेवीस वर्षांची होते. दवाखान्यात त्यांच्या कॉटशी बसून सांगितलं, "बाबा, आता पुरे. यापुढे मला कुणी उचलणार नाही. तुम्हीसुद्धा नाही. माझी चाकं जिथं जात नाहीत तिथं मी जाणार नाही." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. पुण्यात या वाक्याचा अर्थ मुलगी आता घरीच बसणार असा होतो, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं.

घरी बसले नाही ते दत्तोबामुळे.

शनिवार पेठेतलं वाग्विलास सभागृह १९३१ सालचं. पुढून सात पायऱ्या आणि आत रंगमंचाला आणखी पाच. एका तबलजींना साथ करायला मला बोलावलं होतं. मी त्या सात पायऱ्यांसमोर चाकाच्या खुर्चीत, मांडीवर पेटी घेऊन, सगळ्या जगाला शिव्या घालत बसले होते. आतून खाकी हाफपँटमधला एक माणूस आला. हा दत्तोबा. पडदा ओढणं, दिवे लावणं, झाडू मारणं, सगळं तोच.

"ताई, हितं काय करताय?" तो म्हणाला. "मागनं या की!"

सभागृहाच्या बाजूची गल्ली चढाची आहे. मागे पोचेपर्यंत रस्ता जवळजवळ रंगमंचाच्या उंचीला येतो. तिथं भिंतीत दोन फळ्यांचं एक मोठं दार होतं. नाटकांचे सेट टेम्पोतून थेट रंगमंचावर घ्यायचे ते त्या दारातून. वर लाल रंगात लिहिलेलं, 'फक्त सामानासाठी'. उंबऱ्याशी वीतभर उंचीचा फरक उरायचा. दत्तोबानं दाराआडून सागवानी फळी काढली, रस्त्यावरून उंबऱ्यावर तिरकी टाकली, पायानं दाबून पाहिली आणि बाजूला झाला. मला हात लावायला तो पुढे आला नाही. मी माझ्या हातांनी चाकं ढकलत रंगमंचावर गेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पडद्याला ठिगळ लावणाऱ्या माणसानं मानसुद्धा वर केली नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढची बावीस वर्षं मी त्या दारानं आत गेले. एकदा एक बाई हळहळल्या, "सामानाच्या दारानं जावं लागतं बिचारीला." बिचारी कशाला? दोन लोड आणि एक तंबोरा यांच्या मागोमाग जाण्यात मला काडीचा कमीपणा वाटला नाही. लोड तरी चांगले, ते कीव करत नाहीत.

बावीस वर्षं मी काय वाजवलं तेही सांगते. साथ. गाणाऱ्यांची साथ आणि तबलजींसाठी लेहरा. लेहरा म्हणजे तीच एक ओळ, तासभर, पुन्हा पुन्हा, इकडची तिकडे न होता. तबलजी वाट्टेल तिथं भटकून येतो, आणि परत आला की घर जागेवर आहे ना, एवढं पेटीनं सांभाळायचं. वाहवा त्याची. माझी तक्रार नाही, ते काम मला येतं. पण त्या रंगमंचावर एकदा तरी आपण वाजवावं आणि घर तबल्यानं सांभाळावं, असं मनात होतं. बावीस वर्षं होतं. कुणी विचारलं नाही.

मग सभागृह नूतनीकरणासाठी बंद झालं. तीन वर्षं पत्रे ठोकलेले होते. दत्तोबाला निवृत्त केलं, तो हडपसरला मुलाकडे राहायला गेला. आणि एक दिवस वाग्विलास न्यासाचे सचिव मेहेंदळे यांचा मला फोन आला.

"मैत्रीताई, आपण आमच्या सुगम्यता समितीवर यावं, अशी न्यासाची इच्छा आहे. दिव्यांग प्रतिनिधी म्हणून."

मी गेले. आता इथं माझी चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. मेहेंदळ्यांवर जेवढी चिडले त्याच्या दुप्पट मी स्वतःवर चिडलेय.

समितीत अपेक्षा नावाची तरुण आर्किटेक्ट होती. हुशार मुलगी. तिनं माझ्यापुढे मोठा नकाशा पसरला. प्रेक्षागृहाचा. मी पेन्सिल घेऊन तुटून पडले. रॅम्पचा उतार जास्त आहे, कमी करा. टॉयलेटचं दार आत उघडतंय, बाहेर उघडू द्या. चाकाच्या खुर्च्यांची जागा शेवटच्या रांगेत का? आम्हाला काय दुरून ऐकू येतं? चौथ्या रांगेत घ्या. एकेक गोष्ट भांडून घेतली. त्या पोरीनं सगळी लिहून घेतली आणि सगळी केलीसुद्धा. चार बैठका झाल्या. शेवटी मेहेंदळ्यांनी एक पत्र पुढे सरकवलं, 'सभागृह दिव्यांगांसाठी पूर्णपणे सुगम्य असल्याची मी खात्री केली आहे.' मी झोकात सही ठोकली.

रंगमंचाचा नकाशा मला कुणी दाखवला नाही. मी मागितलाही नाही. का मागितला नाही? कारण दार होतंच की! श्वास घ्यायला हवा आहे ना, असं कुणी विचारतं का? बावीस वर्षं ज्या दारातून गेले ते असणारच, असं मी धरून चालले. आणि ते लोक काय धरून चालले, तर चाकाच्या खुर्चीतली बाई म्हणजे प्रेक्षक. ती ऐकायला येणार. तिला चौथ्या रांगेत जागा द्या, म्हणजे झालं.

गंमत म्हणजे उद्घाटनाच्या कार्यक्रमात त्यांनी मला वादन दिलं! स्वतंत्र पेटीवादन, वीस मिनिटं. निमंत्रणपत्रिकेवर 'वारसा आणि समावेश' असं सोनेरी अक्षरांत, आणि खाली माझा फोटो, खुर्ची नीट दिसेल असा. मी ती पत्रिका बाबांना वाचून दाखवली. त्यांनी ती उशीखाली ठेवली. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, दिवसातून चारदा काढून बघायचा.

उद्घाटन शनिवारी. गुरुवारी दुपारी मी रंगमंच बघायला गेले. सोबत समाधान होता, माझा तबलजी. हडपसरला आयटीत नोकरी करतो, सुट्टी टाकून आला होता. दत्तोबालाही मी फोन केला होता, कारण फळी त्याच्याकडे होती. सभागृह बंद झालं तेव्हा भंगारात जाईल म्हणून त्यानं ती घरी नेली होती. पीएमटीत कंडक्टरशी भांडून, चार फुटी सागवानी फळी काखेत मारून तो आला.

तिघं गल्ली चढून मागे गेलो. दार नव्हतं.

भिंत होती. नवी कोरी, बाकीच्या दगडाला शोभेल असा रंग दिलेली, आणि तिच्यावर पितळी पाटी, 'वास्तुवारसा'. दत्तोबानं भिंतीला हात लावून पाहिला. मग मला म्हणाला, "ताई, हितंच हुतं की हो."

"हितंच होतं," मी म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली म्हणायचं, तर तळपायात काही कळत नाही मला. पण गेली.

समाधान आत जाऊन बघून आला. जिथं दार होतं त्याच्या अर्ध्या भागापुढे एलईडीची भली मोठी भिंत उभी केलेली. अर्धा भाग रिकामा, नुसता काळा पडदा. रंगपटातून वर यायला चार पायऱ्या. प्रेक्षागृहातून पाच. डावीकडचा जिना काढून तिथं साउंडचं टेबल लावलेलं, म्हणजे पुढून जिना एकच, उजवीकडचा, ग्रॅनाइटचा, बघतच राहावं असा गुळगुळीत.

मी ऑफिसात गेले. रॅम्प छान होता, मीच भांडून घेतलेला.

"मेहेंदळे, दार कुठंय?"

"कुठलं दार?"

"सामानाचं."

"ते होय! ते मूळ बांधकामातलं नव्हतं हो. अठ्ठावन्न साली भिंत फोडून केलेलं. वारसा नियमात बसत नव्हतं. मूळ रूप परत आणलं आपण."

"मूळ रूपात एलईडीची भिंत होती का?"

मेहेंदळ्यांनी चष्मा काढून पुसला. पुण्यात माणूस चष्मा पुसायला लागला की समजायचं, आता आपल्याला सभ्यपणे हाकलणार. "मॅडम," ताईची मी एका मिनिटात मॅडम झाले, "चार मुलं ठेवतो ना. अलगद उचलून ठेवतील. पडदा पाडलेला असेल, कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मला दिसेल."

"मग खाली बसून वाजवा. रंगमंचासमोर. प्रेक्षकांच्या अधिक जवळ! ती संकल्पना म्हणून छान वाटेल."

"बाकीचे कलाकारही खाली बसणार आहेत का?"

"ते कशाला बसतील?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. तोंडावर असा निष्पाप भाव की थोबाडीत मारावीशी वाटावी. मी अपेक्षाला बोलवायला लावलं. ती आली, माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिचा रंग उडाला.

"अपेक्षा, मला अडीच फूट रुंदीचं दार लागतं. पडद्यामागचा भाग मोकळा आहे. भिंत फोडायला किती वेळ?"

"एक दिवस, मॅम. विटाच आहेत. म्हणजे technically एक दिवस." मग ती हळूच म्हणाली, "मॅम, रंगमंचावर तुम्ही... तुम्ही perform करता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ब्रीफमध्ये फक्त audience accessibility होतं. I'm so sorry."

"उद्या फोडा."

"उद्घाटनाच्या आदल्या दिवशी?" मेहेंदळे उभेच राहिले. "धूळ उडेल! कापडाच्या खुर्च्या आहेत! पाहुणे येणार आहेत, टीव्हीवाले येणार आहेत. नंतर बघू आपण, नक्की बघू." आणि मग खण उघडून त्यांनी ते पत्र बाहेर काढलं. "आणि मॅडम, सभागृह पूर्णपणे सुगम्य असल्याची खात्री आपणच केलेली आहे. ही आपलीच सही ना?"

माझीच होती. झोकदार. शेवटी खाली एक रेघसुद्धा ओढलेली.

बाहेर आले आणि त्या सुंदर रॅम्पवर थांबून रडले. रागानं रडले, दुःखानं नाही. एवढी शहाणी मी! दुसऱ्यांच्या टॉयलेटची दारं इंच-इंच मोजली आणि माझं दार त्यांनी माझ्या सहीनं बुजवलं. दत्तोबा फळी घेऊन शेजारी उभा होता.

"न्हाई यायचं मग शनिवारी?" त्यानं विचारलं.

"येणार," मी म्हणाले. "पण मी वाजवणार नाही. आणि माझी वीस मिनिटं दुसऱ्या कुणाला देणारही नाही."

समाधानला मी वाटेत सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, नुसता ठेका?"

"नुसता ठेका. झपताल. मी असते तर जसा दिला असतास तसाच. एक तुकडा नाही, एक तिहाई नाही. वीस मिनिटं."

"लोक मारतील."

"तुला नाही मारणार. तू वर असशील."

बाबांना मात्र मी काही सांगितलं नाही. उशीखालची पत्रिका आठवली आणि तोंड उघडेना. पोरगी वीस मिनिटं वाजवणार म्हणून ते शनिवारी दोनपासूनच पांढरा सदरा घालून बसले होते.

शनिवारी सहाला सभागृह गच्च भरलं. खरं सांगायचं तर सुंदर केलंय. जुन्या लाकडाला पॉलिश, खुर्च्या मऊ, एसीचा आवाज नाही. बाबा चौथ्या रांगेत, मी भांडून घेतलेल्या त्या जागेशेजारी बसले आणि खुर्चीच्या हातावरून हात फिरवत राहिले. मी त्यांच्याजवळ थांबले नाही, पुढे गेले, ग्रॅनाइटच्या पाच पायऱ्यांच्या पायथ्याशी. खुर्चीच्या हातांवर पेटी ठेवायची माझी नेहमीची छोटी फळी आडवी लावली, तिच्यावर पेटी ठेवली.

मेहेंदळे लगबगीनं आले. "प्रमुख पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकलेत. तोवर तुमचं उरकून घेऊ. मुलांना बोलावू का?"

तुमचं उरकून घेऊ. बावीस वर्षं आणि तीन वर्षं, आणि माझं उरकून घेऊ! "मुलं नकोत," मी म्हणाले. "पडदा उघडा."

त्यांना वाटलं, बाई खाली बसून वाजवायला तयार झाली. किती खूश झाले! पडदा उघडला. वर समाधान तबला घेऊन एका बाजूला, आणि मधोमध रिकामी जागा. तिच्यावर पिवळा उजेड. माझ्या खुर्चीच्या उंचीला लावलेला माईक. निवेदिकेनं माझं नाव घेतलं. समाधाननं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यानं ठेका धरला. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना.

पहिली दोन मिनिटं लोकांना वाटलं, आता सुरू होईल. मी हात पेटीवर ठेवून बसले होते. भाता बंद. चार मिनिटांनी खोकणं सुरू झालं. सहा मिनिटांनी कुजबुज. "माईक बंद आहे का?" "तब्येत बरी नाही वाटतं." मागून कुणीतरी अस्सल पुणेरी आवाजात म्हणालं, "पेटी वाजवतात की नुसती दाखवतात?" हशा पिकला. समाधानचा ठेका तसूभर हलला नाही. रिकाम्या जागेभोवती तो दर दहा मात्रांनी येऊन समेवर हात टेकत होता, आणि घरात कुणी नव्हतं. माझी बोटं आपोआप पट्ट्यांवर वळत होती. मी ती मुठीत घट्ट धरली. वाजवायची एवढी इच्छा मला आयुष्यात कधी झाली नव्हती.

मेहेंदळे वाकून फुसफुसले, "हा काय तमाशा चालवलाय तुम्ही?"

"माझी जागा वर आहे," मी मोठ्यानं म्हणाले. पहिल्या चार-पाच रांगांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "उजेड पाडलाय तिथं. मी तिथं बसून वाजवणार. वर जायचं माझं दार तुम्ही बुजवलंय. ते उघडा, मी वाजवते."

हॉल हळूहळू गप्प झाला. जे झालं ते रांगांतून मागे मागे सांगितलं जात होतं, मला ऐकू येत होतं. आणि तेवढ्यात चौथ्या रांगेतून बाबा उठले.

काठी टेकत, एकेक पाऊल टाकत ते माझ्यापाशी आले. सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात लागलेली. माझ्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, वर उजेडाकडे पाहिलं. मग काठी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर हात टेकून वाकले. तसेच, जसे शाळेच्या जिन्यापाशी वाकायचे.

"चाल पोरी," ते म्हणाले. "बस."

त्र्याऐंशी वर्षांची पाठ. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्या सगळ्या लोकांचा, त्या पॉलिशचा, त्या सोनेरी अक्षरांचा असा संताप आला की दिसेनासं झालं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "आपलं ठरलंय ना. उठा."

ते तसेच वाकून राहिले. मग सावकाश सरळ झाले, वळले, आणि पहिल्या पायरीवर बसले. ऐन मधोमध. काठी गुडघ्यांवर आडवी. वर ठेका चालूच होता.

नेमके तेव्हाच पाहुणे आले. रेशमी कुर्ता, मागे चार माणसं, टीव्हीचे दिवे. मेहेंदळ्यांनी हात जोडून त्यांना पायऱ्यांपर्यंत आणलं आणि बाबांकडे वाकून, गोड आवाजात म्हणाले, "आजोबा, जरा बाजूला व्हा. पाहुण्यांना वर जायचंय."

बाबांनी मान वर केली.

"तिलेबी वर जायचं हाये," ते म्हणाले.

एवढंच. पन्नास-पंचावन्न वर्षं पुण्यात राहून त्यांची भाषा सुधारली नाही, हे किती चांगलं झालं! मेहेंदळ्यांचा चेहरा लाल झाला. "साहेब, आपण मागून, रंगपटातून जाऊ या."

"मी मागून जायचं?" पाहुणे म्हणाले.

"जा की," मी म्हणाले. "मी बावीस वर्षं गेलेय. फार छान दार होतं."

पाहुणे कुठेच गेले नाहीत. जागच्या जागी उभे राहून त्यांनी विचारलं, "काय प्रकार आहे हा?" मेहेंदळे बोलायच्या आत सहाव्या रांगेतून अपेक्षा उठली. "सर, रंगमंचाच्या मागचं दार मी बंद केलं. माझी चूक आहे. मॅमना तिथूनच वर जाता येत होतं. फोडायला एक दिवस लागतो. गुरुवारीच सांगितलं होतं मी." टीव्हीचे दिवे तिच्याकडे वळले, मग मेहेंदळ्यांकडे. मेहेंदळ्यांनी चष्मा काढला, पण पुसायला रुमाल सापडेना. निवेदिकेच्या हातातला माईक त्यांनी घेतला.

"न्यास... न्यास या संदर्भात पूर्ण संवेदनशील आहे. सोमवारी सकाळी ते दार उघडण्यात येईल. सर्वांसमोर शब्द देतो. आता आजोबा, कृपया उठा."

"मंग मी सोमवारीच उठतो," बाबा म्हणाले.

लोक हसले. मोकळं, मोठ्यानं. हसता हसता कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. माझ्याकडे बघून. डोळे पुसत. कडकडाट, अगदी गॅदरिंगसारखा. ठेका त्यात बुडून गेला.

"थांबा!" मी ओरडले. माईक नव्हता, पण त्या हॉलला आवाज पोचतो, १९३१ साली बांधणाऱ्यांनी तेवढं नीट केलंय. "टाळ्या नकोत! मी अजून काही वाजवलेलं नाही!"

एकेक हात खाली आला. सगळे हात खाली येईपर्यंत मी बघत राहिले. मग ठेका परत ऐकू यायला लागला. वीस मिनिटं व्हायला अजून पाच बाकी होती, आणि बाबा पायरीवर बसून गुडघ्यावर ताल धरत होते.